केळव्याचा मुलगा जळगावचा कसा झाला

"ज्यांना खात्री आहे की चार वर्षांनी आपल्या हातात ऑफर लेटर असणार, त्यांनी हात वर करा," असं स्टेजवरचा माणूस म्हणाला आणि सगळा हॉल हातांनी भरून गेला. माझ्या धाकट्या बहिणीचाही हात वर गेला. शाळेत उत्तर येत असलं की जायचा तसा, कोपर ताणून. मी तिच्या शेजारी बसले होते आणि मला त्या माणसाची कॉलर धरावीशी वाटत होती.

बोईसरच्या बाहेर हायवेकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक खाजगी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, तिथला तो समुपदेशक. समुपदेशक म्हणजे सीट भरणारा. बारावीचे निकाल लागले की ही माणसं पालघरपासून डहाणूपर्यंत प्रत्येक क्लासच्या दारात उभी असतात. मुलांचे फोन नंबर त्यांना कुठून मिळतात देव जाणे. माझ्या बहिणीला निकालानंतर जितके फोन या कॉलेजचे आले, तितके नातेवाइकांचे आले नाहीत.

तिच्यापुढे दोन वाटा होत्या. सरकारी प्रवेशफेरीत तिला विदर्भातल्या एका सरकारी कॉलेजात केमिकल इंजिनिअरिंगची सीट लागली होती. ती सोमवारी संध्याकाळपर्यंत स्वीकारली नाही तर गेली. दुसरी वाट हे घराजवळचं कॉलेज. तेच केमिकल, संस्थेच्या कोट्यातून, "तुमच्यासाठी राखून ठेवलीय" असं रोज फोनवर सांगितली जाणारी सीट. तिला हे जवळचं हवं होतं. मला ती इथे नको होती. शनिवारी हा मेळावा होता आणि सोमवारी निर्णय, म्हणून मी तिच्याबरोबर गेले. ती मला न्यायला तयार नव्हती.

"तू येऊ नको. तू तिथे भाषण करशील."

"नाही करणार."

"शपथ घे."

मी शपथ घेतली नाही, पण गेले.

तिला वाटणारी खात्री मूर्खपणाची होती असं मी म्हणत नाही. तिला मूर्ख म्हणणं सोपं आहे आणि वर्तमानपत्रात रविवारी लिहिणारे साहेब लोक ते करतातच: मुलांच्या अपेक्षा अवास्तव आहेत, वगैरे. अपेक्षा आभाळातून पडल्या नव्हत्या. आमचं घर तारापूर एमआयडीसीच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर. पाळीच्या भोंग्यावर आमचा चहा व्हायचा, भोंग्यावर आम्ही शाळेला निघायचो. वारा फिरला की आई खिडक्या लावून घेते आणि कोणती कंपनी काय सोडतेय ते वासावरून सांगते. नाल्याचं पाणी आज कोणत्या रंगाचं, ही आमच्या लहानपणी पैज लावायची गोष्ट होती. असं वाढलेल्या मुलीला वाटणारच की धूर आमच्या वाट्याला आला तशी नोकरीही येईल. ती म्हणायचीच, "एवढा वास आमी खाल्लाय, पगार पण आमीच खाणार."

जवळ आहे म्हणजे आपलं आहे, हा आमच्या इथल्या पोरांचा हिशोब. ही चूक पुण्याचा मुलगा करणार नाही, लातूरचा करणार नाही. ती कारखान्यांच्या चिमण्यांच्या सावलीत वाढलेल्यांनाच करता येते.

मीही केली होती. पालघरच्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले आणि एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलच्या जागेसाठी मुलाखतीला गेले. समोरच्या माणसाने तीन प्रश्न विचारले, तिन्हींची उत्तरं आली. मग त्याने माझा पत्ता वाचला. "घर यहीं है?" मी अभिमानाने सांगितलं, सायकलवर येईन, रात्रपाळीलासुद्धा अडचण नाही. त्याने फाईल बंद केली, फार सभ्यपणे. बाहेर दारावरचा सिक्युरिटीवाला, तो उत्तर प्रदेशातला, मला म्हणाला, "बहनजी, लोकल नहीं लेते ये लोग. पता काहे को सही लिखा?"

लोकल का नको, हे मला बाबांनी सांगितलं. बाबा ठेक्यावरचे कामगार होते. ते संघटनेची पत्रकं घरी आणायचे आणि आम्ही दोघी बहिणी जमिनीवर बसून त्यांच्या घड्या घालायचो. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. "कामगार बंधू-भगिनींनो" हे मी न अडखळता वाचलेलं पहिलं वाक्य. त्या पत्रकांपायीच एका सकाळी त्यांचा पास गेटवर काढून घेतला, ते पुन्हा कधी आत गेले नाहीत. तर बाबा म्हणाले, "इथला माणूस होळीला सुट्टी मागतो, गणपतीला मागतो, गावात कोणी गेलं की खांदा द्यायला जातो. संघटना करतो. आणि इथला माणूस आत भाजला तर गाव गेटवर येतं. बाहेरचा भाजला तर ॲम्ब्युलन्स येते, आणि जाते."

तेव्हापासून स्थानिकांना कामावर घ्या म्हणून एका कंपनीच्या गेटवर जे धरणं धरतात, त्यांच्यात मीही जाऊन बसते. हे सगळं मी बहिणीला सांगितलं होतं. एकदा नाही, दहादा. ती म्हणायची, "ते तुझ्या बी.एस्सी.चं झालं. मी इंजिनिअर होणार. आणि तुझा चेहराच असा की मुलाखत घेणाऱ्याला वाटतं ही आता मोर्चा काढेल."

तर हात वर झाले. समुपदेशकाने ते डोळे भरून पाहिले आणि मागच्या पडद्यावर एक फोटो लावला. कॉलेजच्या गच्चीवरून काढलेला. मागे एमआयडीसीच्या चिमण्या, पुढे पांढऱ्या कोटातली मुलं. "दुसऱ्या कॉलेजांना इंडस्ट्री शोधायला जावं लागतं," तो म्हणाला, "आपली इंडस्ट्री आपल्या खिडकीतून दिसते!" पालकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पुढच्या रांगेत जव्हारकडून आलेलं एक जोडपं होतं. दरवर्षी पाऊस संपला की वीटभट्टीवर जाणारी माणसं, हे त्यांच्या बोलण्यातून कळलं होतं. मुलगा त्यांच्या मधे बसला होता. त्या बाईने टाळी वाजवायच्या आधी मुलाकडे पाहिलं, वाजवायची का म्हणून. माझ्या डोक्याची शीर तिथेच उठली.

स्टेजवर दोन पाहुणे होते. एक तारापूरच्या एका कंपनीचा एचआर अधिकारी, गळ्यात ओळखपत्र, हातात पाण्याची बाटली. दुसरा कॉलेजचा माजी विद्यार्थी, त्याच कंपनीत लागलेला. माजी विद्यार्थी माईकजवळ आला आणि बहिणीने माझ्या मांडीवर चापट मारली. "अगं, हा तर आपल्या मामाच्या शेजारचा!"

होताच. माझं आजोळ केळवे. मामाच्या घराला लागून त्यांची वाडी, नारळ-सुपारीची, आणि मुंबईहून शनिवार-रविवारी येणाऱ्यांसाठी त्याच्या आईने काढलेली खानावळ. अकरावी-बारावीला तो पालघरला माझ्या वर्गात होता. पुढे तो या कॉलेजात आला, मी पालघरलाच राहिले. पण तो आता काय म्हणून जगतोय हे मला माहीत होतं, बहिणीला नव्हतं. त्यानेच मला मागच्या वर्षी पालघरच्या स्टेशनबाहेर चहा पिताना सांगितलं होतं, हसत हसत, जसं काही दुसऱ्याचा किस्सा सांगतोय.

पास झाल्यावर दीड वर्ष त्याला कोणी घेतलं नाही. मग त्याने जळगावला असलेल्या मावशीचा पत्ता घातला, आधार कार्डापासून सगळ्यावर. पुढच्याच मुलाखतीत निवड झाली. तेव्हापासून तो कंपनीत जळगावचा आहे. केळव्याचं घर असताना बोईसरला बिहारच्या दोन मुलांबरोबर खोली घेऊन राहतो. कंपनीत हिंदीच बोलतो, म्हणजे तोंडातून चुकून "नाय" निघायला नको. होळीला कामावर, गणपतीला कामावर. साहेबांना वाटतं, काय गुणी पोरगा.

एका रविवारी त्याच्या खोलीतल्या मुलांनी आणि सुपरवायझरने केळव्याच्या बीचचा बेत काढला. नाही म्हणायला कारण सापडेना. दुपारी भूक लागल्यावर एकाने चौकशी केली आणि सगळे त्याच्याच आईच्या खानावळीत जाऊन बसले. आईने मुलाला पाहिलं, त्याच्या तोंडाकडे पाहिलं. सगळ्यांना वाढलं. त्याच्या पानाजवळ आल्यावर विचारलं, "साहेब, भात वाढू?" तो म्हणाला, "हाँ, थोडा." निघताना सुपरवायझर म्हणाला, "खाना एकदम घर जैसा है." हे सांगताना तो इतका हसला की चहा सांडला. मला त्या दिवशी हसू आलं नाही, आजही येत नाही.

तो मुलगा आता माईकसमोर उभा राहून मेहनत, चिकाटी, कम्युनिकेशन स्किल असं काहीतरी बोलत होता. मी उभी राहिले. बहिणीने माझा कुर्ता मागून ओढला, इतका की शिवण उसवल्याचा आवाज आला.

"माझा प्रश्न कंपनीच्या साहेबांना आहे," मी म्हणाले. "तुमच्याकडे या तालुक्यातले इंजिनिअर किती आहेत?"

समुपदेशक पुढे झाला. "मॅडम, आपण विद्यार्थी की पालक?"

"बहीण."

"पालकांचे प्रश्न शेवटच्या सत्रात घेऊ या."

"मी पालक नाही म्हटलं ना."

हॉलमध्ये हशा पिकला. अधिकाऱ्याला बाटलीचं झाकण लावावं लागलं. "देखिये, हम टॅलेंट देखते हैं, ॲड्रेस नहीं देखते. लोकल भी बहुत हैं."

"एक तरी दाखवा," मी म्हणाले.

आणि इथे त्या समुपदेशकाने, आपल्या हुशारीवर खूश होऊन, माजी विद्यार्थ्याच्या खांद्यावर हात टाकला. "हा काय! तुमच्यासमोर उभा आहे. आपला इथलाच पोरगा!"

अधिकाऱ्याने मान वळवून आपल्या माणसाकडे पाहिलं. नवीन काहीतरी कळत असल्यासारखं.

माझं वाक्य तयार होतं. पत्रकं वाचत मोठी झालेली मी, सभेत गप्प बसणं हा माझ्या घरात गुन्हा आहे. "हो, हा केळव्याचा, आणि ते लपवलं म्हणूनच हा तुमच्याकडे आहे," एवढं म्हटलं असतं की त्या हॉलमधला एकेक हात खाली आला असता. माझ्या बहिणीचा तर नक्की. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या आईने भात वाढताना ज्या नजरेने पाहिलं असेल तीच ती असावी. मी उभीच राहिले.

तोच बोलला. "नाही सर, मी मूळचा जळगावचा. इथे हॉस्टेलला होतो."

कॉलेजला हॉस्टेल नाही. कधीच नव्हतं. पण समुपदेशकाने डोळ्याची पापणीही न हलवता माईक ओढून घेतला. "बरोबर! आणि लांबून आलेल्या पालकांना सांगतो, हॉस्टेलची सोय लवकरच अधिक अद्ययावत होत आहे." जव्हारच्या त्या बाईने नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघांनी मान डोलावली.

मी खाली बसले. बहिणीने कुर्ता सोडला. ती स्टेजकडे बघत होती आणि तिचा चेहरा मला वाचता येत नव्हता. "जळगावचा?" एवढंच ती पुटपुटली.

मेळावा संपल्यावर तो बाहेर वडापावच्या गाडीशी आला. अधिकाऱ्याची गाडी गेटबाहेर गेल्याची खात्री करून मगच त्याने हेल्मेट काढलं.

"बोलली नाहीस ते बरं केलंस."

"तुझ्यासाठी गप्प नाही बसले."

"मग?"

"तुझ्या आईसाठी. आणि तुला लाज कशी नाही वाटत रे, त्या पोरांसमोर उभं राहून चिकाटी सांगताना?"

"वाटते. कॉलेजवाल्यांनी साहेबांना पत्र धाडलं, साहेबांनी मला सुट्टी देऊन आणलं. काय सांगू, नाय येत?" मग बहिणीकडे वळून म्हणाला, "काय गं, मोठी झालीस."

"दादा, तू जळगावचा कधी झालास?" तिने सरळ विचारलं.

त्याने सगळं सांगितलं. मला सांगितलं होतं तसंच, पण या वेळी हसला नाही. आईची गोष्ट वगळली. बहीण वडापाव हातात धरून ऐकत होती. मला वाटलं, काम झालं. मी दहादा सांगून जे झालं नाही ते याच्या तोंडून झालं. आता हिच्या डोळ्यांवरचं झापड उतरेल आणि मग ती माझ्यासारखी चिडेल. तिने चिडावं असं मला मनापासून वाटत होतं.

"पत्ता बदलला की झालं?" तिने विचारलं.

"नाय ना. कॉलेज इथलं पडलं, तिथेच मी फसलो. कोणी विचारलं, जळगाव सोडून इथे का शिकलास, की हॉस्टेलची थाप मारावी लागते. एक दिवस पकडणार मला. कॉलेज पण बाहेरचंच पायजे. मग कोणाचा बाप विचारत नाय."

"हिला हे शिकवू नकोस," मी म्हणाले.

"ती विचारते म्हणून सांगतो. तू काय सांगतेस तिला? गेटवर बस म्हणून?"

"हो. बस म्हणून. तुझ्यासारख्या पन्नास जणांनी एका दिवशी खरा पत्ता सांगितला तर कोणाकोणाला काढतील?"

"पन्नासच्या पन्नास जणांना," तो म्हणाला आणि हेल्मेट घालून निघून गेला.

 रविवारी कॉलेजचे फोन आले, तिने उचलले नाहीत. बाबांना मी हळूच सांगितलं, बहुतेक नाद सुटला. त्यांनाही बरं वाटलं. इथली सीट त्यांनाही नकोच होती, पण मुलीला नाही कसं म्हणायचं ते त्यांना समजत नव्हतं.

सोमवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती मोबाईल घेऊन ओट्याजवळ उभी राहिली आणि आम्हा तिघांसमोर सरकारी कॉलेजची सीट स्वीकारली. ओटीपी आला, तो तिने मोठ्याने वाचत टाकला. झालं. आईच्या डोळ्यांत पाणी. "एवढ्या लांब जाशील?"

"लांबच पायजे, आई."

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सगळ्यात खूश मी होते, निदान तेवढा वेळ. मी तिला म्हणाले, "शाबास. तिथे शीक, मग पुण्याला जा, गुजरातला जा, कुठेही जा. इथे या लोकांच्या दारात उभं राहायची गरज नाही."

"पुण्याला कशाला?" ती म्हणाली. "मी इथेच येणार."

"म्हणजे?"

"चार वर्षं तिथे राहिले की कागद सगळे तिथले होतील. कॉलेज तिथलं, पत्ता तिथला. बोलायला पण तिथल्यासारखं शिकेन. मग बोईसरला अर्ज टाकते. बघू कोण नाय घेत ते." तिने मोबाईल ओट्यावर ठेवला. "आणि घरी जेवायला येईन मी. खोली नाय घेणार त्याच्यासारखी. काहीतरी जमवेन."

तिला खात्री होती. शनिवारी हॉलमध्ये हात वर केला तेव्हा होती तेवढीच, एक कणसुद्धा कमी नाही. मला वाटलं होतं तिला खोटं कळलं की तिचा विश्वास मोडेल. तिला खोटं नीट कळलं होतं, आणि तिने ते अभ्यासक्रमात घेतलं होतं.

मी चिडले. किती, ते इथे लिहीत नाही. आमच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या कंपनीत शिरायला आम्ही दुसऱ्या जिल्ह्याचे व्हायचं? तुझ्यामागून येणाऱ्या मुलींनी काय करायचं? सगळ्यांना मावशी जळगावला असते का? मी बोलत राहिले आणि ती ऐकत राहिली, पत्रकांच्या घड्या घालताना बाबांचं बोलणं ऐकायची तशी, हात न थांबवता. तेवढ्यात तिने जेवणाची ताटं गोळा करून मोरीत ठेवली.

"आता का तोंड पाडलंस? तुला हेच हवं होतं ना, मी तिकडे जावं?"

"असं नव्हतं हवं."

"बरं, एक सांग," ती हात पुसत म्हणाली. "मी लागले इथे कंपनीत, आणि तू आलीस गेटवर तुमचा मोर्चा घेऊन. साहेब माझ्या शेजारी उभा हाय. तेव्हा काय करशील? ही आमच्या गावची म्हणून ओरडशील?"

आई आणि बाबा माझ्याकडे बघत होते. भोंगा झाला, दुसरी पाळी आत गेली असणार.

"बोल ना. त्याच्या आईसाठी गप्प बसलीस. माझ्यासाठी बसशील?"

"नाही," मी म्हणाले. "तुझ्यासाठी ओरडेन."

तिने जरा विचार केला. "मग मी तू जातेस त्या गेटची कंपनी सोडून दुसरी बघेन," असं म्हणाली आणि आईला विचारलं, ती मोठी बॅग माळ्यावर आहे की मामाकडे.